रिचर्ड थॉम्प्सन ऐकायचाय? मग सुरुवात अशी करा

इंग्लिश फोक-रॉकमध्ये, म्हणजे लोकगीतं आणि रॉक यांच्या मेळात, थोडं जरी डोकावलंत, तरी रिचर्ड थॉम्प्सन हे नाव पुन्हा पुन्हा समोर येतं. कुणी त्याला गिटारसाठी मानतं, कुणी गाण्यांच्या शब्दांसाठी. उत्सुकतेनं शोधायला जावं, तर पहिला अल्बम 1968 चा आणि अलीकडचा 2024 चा. मध्ये बँडबरोबरचे, पत्नीबरोबरचे, एकट्याचे, मैफलींचे, संकलनांचे असे ढीगभर. नवखा माणूस त्यातलं काहीतरी लावतो, जाडाभरडा आवाज ऐकतो, ओळखीची चाल सापडत नाही म्हणून बंद करतो. असं होताना मी ओळखीच्यांमध्ये पाहिलंय आणि मला त्याची फार हळहळ वाटते. क्रम थोडा बदलला असता, तर यातली बरीच माणसं आयुष्यभराची श्रोती झाली असती.

म्हणून ही वाट लिहून ठेवतोय. तिचं सूत्र एकच: वर्षांच्या क्रमानं ऐकू नका. आधी गोष्टी ऐका, मग गोष्टींच्या मागचं गाव, आणि लांबलचक गिटार शेवटी.

काय काय हाताशी हवं

फार काही नाही. गाणी ऐकण्याचं कुठलंही अ‍ॅप, शक्यतो जाहिराती नसलेलं. डोक्यावरचे बरे हेडफोन, कारण याच्या गिटारमध्ये जाड तारांवर एक गोष्ट चालू असते आणि बारीक तारांवर दुसरी. फोनच्या स्पीकरवर जाड तारा ऐकूच येत नाहीत. गाण्यांचे छापील शब्द. इंग्लंड-स्कॉटलंडचा नकाशा, फोनवरचाही चालेल. गाण्यांत गावांची, टेकड्यांची, रस्त्यांची नावं सतत येतात. आणि सलग तास-दीड तास मोकळा. स्वयंपाक करता करता ऐकायची ही गाणी नव्हेत, निदान पहिल्यांदा तरी.

1. तीन नावं वेगवेगळी शोधा

पहिला सापळा इथेच आहे. अ‍ॅपमध्ये ‘रिचर्ड थॉम्प्सन’ टाकलंत तर फक्त एकट्याचे अल्बम दिसतील. 1968 ते 1970 चं काम ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या बँडच्या नावाखाली आहे. 1974 ते 1982 चं काम ‘रिचर्ड अँड लिंडा थॉम्प्सन’ या तिसऱ्याच नावाखाली. त्याचं सगळ्यात थोर म्हणावं असं बरंचसं या दुसऱ्या-तिसऱ्या नावांखाली आहे, आणि ते न शोधताच लोक मत बनवून मोकळे होतात. तिन्ही पानं आधी जतन करून ठेवा.

दुसरं म्हणजे अ‍ॅपमधला ‘ऑटोप्ले’ बंद करा. जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्यांत शेवटी जादा गाणी जोडलेली असतात. ‘आय वाँट टू सी द ब्राइट लाइट्स टुनाइट’ हा अल्बम ‘द ग्रेट व्हॅलेरियो’ या तारेवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या गाण्यावर संपतो. त्याच्यानंतर शांतताच हवी. तिथे लगेच एखादं मैफलीतलं ध्वनिमुद्रण सुरू झालं, की सगळा परिणाम विस्कटतो. मूळ अल्बममध्ये किती गाणी होती ते पाहा आणि तेवढ्यावर थांबा.

2. एक माणूस, एक गिटार

सुरुवात करायची ती 2014 च्या ‘अकूस्टिक क्लासिक्स’पासून. स्वतःचीच जुनी गाणी त्याने एकट्याने, नुसत्या गिटारवर पुन्हा गायली आहेत. चौदाच गाणी आहेत, पण तीन वेगवेगळ्या कालखंडांतली. त्यातली आधी तीन निवडा आणि शब्द समोर ठेवून ऐका.

‘1952 व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग’ मूळ 1991 च्या ‘रूमर अँड साय’ या अल्बममधलं. व्हिन्सेंट ही स्टीव्हनेजच्या कारखान्यात बनलेली मोटरसायकल. ब्लॅक लाइटनिंग हे तिचं शर्यतीचं मॉडेल, मोजक्याच निघाल्या. गाण्यातला जेम्स एकवीस वर्षांचा दरोडेखोर. त्याला लाल केसांची मॉली भेटते, तो तिला गाडीवरून बॉक्स हिलपर्यंत नेतो आणि अंगठी देतो. पुढे गोळी लागून तो मरणपंथाला असताना गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवतो. बॉक्स हिल ही लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातली खरी टेकडी. मोटरसायकलवाल्यांचा तिथला अड्डा जुना आहे. गाण्याचा घाट पाहा: पाल्हाळ नाही, भावनांचं वर्णन नाही, माणसं बोलतात आणि कडवं पुढे सरकतं. शेकडो वर्षांपूर्वीच्या बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारी लोकगीतं, तशाच असत. फक्त घोड्याच्या जागी मोटरसायकल आली. अमेरिकेतल्या डेल मॅकौरीने हे गाणं ब्लूग्रास शैलीत गायलं, तेव्हा बॉक्स हिल काढून नॉक्सव्हिल घातलं. गावागणिक नाव बदलण्याची लोकगीताची जुनी खोड या नव्या गाण्यालाही लागली, याचा मला फार आनंद होतो.

‘बीझविंग’ हे दुसरं. धोबीखान्यात काम करणारी एक तरुण मुलगी, कुठल्याच बंधनात न मावणारी. आणि तिला घर-संसार देऊ पाहणारा, तिला गमावलेला माणूस. गाणारा तिला दोष देत नाही, स्वतःलाही फारसा देत नाही. अ‍ॅन ब्रिग्ज या लोकगायिकेच्या भटक्या आयुष्याची सावली या गाण्यावर आहे.

तिसरं ‘फ्रॉम गॅलवे टू ग्रेसलँड’. आयर्लंडमधली एक विवाहित बाई नवऱ्याला सोडून थेट अमेरिकेत, एल्व्हिस प्रेस्ली या गायकाच्या ग्रेसलँडमधल्या थडग्यापाशी जाऊन बसते, कारण आपलं लग्न त्याच्याशी झालंय असं तिला वाटतं. यात हसण्याची जागा सहज निघाली असती. थॉम्प्सन ती निघू देत नाही.

आवाजाबद्दल इथेच सांगतो. तो गोड नाही, जड आहे, थोडा घशातला. पहिल्या दिवशी आवडला नाही तर बिघडलं नाही. गोष्टीकडे लक्ष द्या. हा आवाज गोष्ट सांगणाऱ्याचा आहे हे तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत कानाला पटतं.

3. मग 1969 मध्ये जा

थॉम्प्सनचा जन्म 3 एप्रिल 1949 चा, लंडनमधल्या नॉटिंग हिलचा. वडील स्कॉटिश, पोलिसांत. अठराव्या वर्षी तो अ‍ॅशले हचिंग्ज आणि सायमन निकोल यांच्याबरोबर फेअरपोर्ट कन्व्हेन्शनमध्ये होता. उत्तर लंडनच्या मझवेल हिलमधल्या ज्या घरात ही मुलं सराव करत, त्या घराचं नाव ‘फेअरपोर्ट’. सुरुवातीला ती अमेरिकन पद्धतीची गाणी वाजवायची. मग सँडी डेनी ही गायिका आली आणि येताना लोकगीतांचा साठा घेऊन आली.

इथे दोन अल्बम, याच क्रमानं.

‘अनहाफब्रिकिंग’ (1969) मधून सध्या फक्त ‘अ सेलर्स लाइफ’ ऐका. अकरा मिनिटांहून मोठं आहे. सँडी जुनं खलाशाचं गाणं गाते. मग हळूहळू थॉम्प्सनची इलेक्ट्रिक गिटार आणि पाहुणा म्हणून आलेल्या डेव्ह स्वार्ब्रिकचं फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) एकमेकांशी बोलायला लागतात, आणि खाली ड्रमवर मार्टिन लॅम्बल समुद्र उसळवत नेतो. इंग्लिश लोकगीत विजेच्या वाद्यांवर उभं राहू शकतं, हे या ध्वनिमुद्रणात कळलं.

हा अल्बम बाजारात येण्याआधीच 12 मे 1969 रोजी बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून परतताना एम-1 महामार्गावर बँडची गाडी उलटली. मार्टिन लॅम्बल गेला. तो एकोणीस वर्षांचा होता. थॉम्प्सनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन हीसुद्धा गेली. बँड मोडायच्या बेतात होता. त्या उन्हाळ्यात उरलेली मंडळी हॅम्पशरमध्ये, विंचेस्टरजवळच्या फार्ली चेम्बरलेन इथल्या एका जुन्या घरात जाऊन राहिली. स्वार्ब्रिक कायमचा आला, डेव्ह मॅटॅक्स ड्रमवर आला. हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधल्या लोकगीतांच्या संग्रहात जुनी गाणी धुंडाळत होता. त्यातून त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘लीज अँड लीफ’ निघाला. इंग्लिश फोक-रॉक म्हणतात तो खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

‘लीज अँड लीफ’ पूर्ण ऐका. ‘मॅटी ग्रोव्ह्ज’मध्ये सरदाराची बायको सणाच्या दिवशी चर्चमधल्या एका तरुणाला घरी बोलावते, चाकर धावत जाऊन मालकाला सांगतो, आणि दोन खून होतात. फ्रान्सिस जेम्स चाइल्डने एकोणिसाव्या शतकात जमवलेल्या 305 बॅलडमध्ये हिचा क्रमांक 81 आहे. पऱ्यांच्या राणीच्या तावडीतून प्रियकराला सोडवणारी ‘टॅम लिन’ 39 वी. हे क्रमांक टिपून ठेवा. एकाच बॅलडची दुसऱ्या गायकांनी गायलेली रूपं शोधायला ते उपयोगी पडतात.

सापळा असा, की या अल्बममधलं सगळंच जुनं आहे असं वाटतं. ‘फेअरवेल, फेअरवेल’ची चाल जुनी, पण शब्द थॉम्प्सनचे. ‘क्रेझी मॅन मायकल’चे शब्द त्याचे आणि चाल स्वार्ब्रिकची: मायकल रागाच्या भरात एका कावळ्याला मारतो आणि पाहतो तर ती त्याची प्रेयसीच. अपघाताच्या वर्षात वीस वर्षांच्या मुलाने हे लिहिलं. शोकाविषयी थेट एक शब्द न बोलता शोक कसा मांडावा, हे त्याला बॅलडनी शिकवलं असं मला वाटतं, आणि ती शिकवण पुढे त्याने कधी सोडली नाही.

4. लिंडाबरोबरची वर्षं: इथे घाई करू नका

थॉम्प्सनने 1971 च्या सुरुवातीला बँड सोडला. 1972 मध्ये आलेला एकट्याचा ‘हेन्री द ह्यूमन फ्लाय’ फारसा खपला नाही. त्याच वर्षी त्याने लिंडा पीटर्स या गायिकेशी लग्न केलं. त्यांचे सहा अल्बम आहेत. तुम्ही तीन घ्या.

‘आय वाँट टू सी द ब्राइट लाइट्स टुनाइट’ 1973 मध्ये मुद्रित झाला. तेल-टंचाईमुळे तबकड्यांच्या प्लास्टिकचाही तुटवडा पडला, म्हणून तो 1974 मध्ये बाहेर आला. पहिल्याच गाण्यात क्रमहॉर्न हे शेकडो वर्षांपूर्वीचं फुंकवाद्य ऐकू येईल, शीर्षकगीतात चक्क कामगारांच्या परंपरेतला सिल्व्हर बँड, म्हणजे धातूच्या फुंकवाद्यांचा ताफा. शीर्षकगीत आनंदी आहे असा समज होतो. नीट ऐका: आठवडाभर राबलेली मुलगी शनिवारच्या रात्री दिवे बघायला निघाली आहे, आणि तिच्या उत्साहाखाली थकवा आहे. लिंडाचा आवाज हे सगळं काही न करता दाखवतो. ‘द एंड ऑफ द रेनबो’ मात्र सावध होऊन ऐका. पाळण्यातल्या बाळाला उद्देशून आहे, पण त्याच्याइतकं निराश गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही. मन आधीच जड असेल तर दुसऱ्या दिवशी ऐका.

‘पोअर डाउन लाइक सिल्व्हर’ 1975 चा. तोवर दोघंही सूफी मार्गाने इस्लामकडे वळले होते. मुखपृष्ठावर थॉम्प्सन फेटा बांधून आहे. यातलं ‘डिमिंग ऑफ द डे’ प्रेमगीत म्हणून जगभर गायलं जातं आणि तसं ऐकायला हरकत नाही. पण ज्ञानेश्वरांच्या विराण्या कानावर असलेल्या मराठी माणसाला ते पटकन उलगडेल. ज्याची ओढ लागली आहे तो माणूस की देव, हे तिथेही ठरवून सांगितलेलं नसतं. गाणं संपल्यावर त्याच ट्रॅकमध्ये ‘दर्गाई’ नावाची नुसत्या गिटारवरची धून सुरू होते. ती स्कॉटिश फिडलवादक जेम्स स्कॉट स्किनरची. दर्गाई म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरची टेकडी, जिथे 1897 मध्ये गॉर्डन हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण लढली.

‘शूट आउट द लाइट्स’ 1982 चा. आठच गाणी, एकही टाकाऊ नाही. हा अल्बम येईपर्यंत दोघांचा संसार मोडला होता, तरी त्यांनी अमेरिकेचा दौरा एकत्र केला. त्यामुळे जो तो यातली गाणी घटस्फोटाची रोजनिशी म्हणून वाचतो. हा सगळ्यात मोठा सापळा. यातली बहुतेक गाणी 1980 मध्येच लिहून, एकदा मुद्रित होऊन झाली होती. ते मुद्रण बाजूला ठेवून निर्माता जो बॉइडबरोबर पुन्हा केलं गेलं. शीर्षकगीताची ठिणगी तर अफगाणिस्तानात शिरलेल्या सोव्हिएत सैन्याची. ‘वॉकिंग ऑन अ वायर’मध्ये लिंडा जे गाते ते ऐकताना काळीज हलतं, त्यासाठी त्यांच्या घरात डोकावण्याची गरज नाही.

शेवटचं ‘वॉल ऑफ डेथ’ आपल्याला समजावून सांगावं लागणार नाही. जत्रेतला ‘मौत का कुआँ’च तो. गाणारा जत्रेतले बाकीचे सगळे सुरक्षित पाळणे नाकारतो आणि म्हणतो, मला त्या कुव्यातच एकदा फिरू दे. चाल अशी लखलखीत, की लहान मुलंही तिच्यावर नाचतील.

5. आता गिटार

इथवर आलात की तुमचे कान तयार आहेत. तीन ध्वनिमुद्रणं: फेअरपोर्टच्या ‘फुल हाउस’ (1970) मधलं ‘स्लॉथ’, मग 1976 च्या ‘गिटार, व्होकल’ या संकलनातलं ‘द कॅल्व्हरी क्रॉस’, ऑक्सफर्डच्या मैफलीतलं, तेरा मिनिटांचं, आणि ‘शूट आउट द लाइट्स’चं शीर्षकगीत पुन्हा एकदा, पण या वेळी शब्द विसरून.

काय ऐकायचं? त्या पिढीतले बहुतेक रॉक गिटारवाले अमेरिकन ब्लूजमधून आले. थॉम्प्सनच्या सुरांचं मूळ स्कॉटिश बॅगपाइपमध्ये, फिडलच्या धुनांमध्ये आहे. एक आधारस्वर खाली धरलेला, वर फिरणारी स्वरावली, आणि स्वर नुसता न लावता त्याला शेजारच्या स्वराचा झटका देऊन लावणं. बॅगपाइपवाला स्वर थांबवू शकत नाही, म्हणून एकच स्वर पुन्हा आला तर मध्ये झटका देऊन तो तोडतो. थॉम्प्सन तेच तारेवर करतो. आपल्या कानाला आधारस्वर परका नाही, त्यामुळे मराठी श्रोत्याला इथे उलट सोपं जातं.

6. 1983 नंतरचं: निवडून घ्या

इथे सगळं एकदम ऐकायला गेलात तर दमाल. ‘रूमर अँड साय’ (1991) आणि ‘मॉक ट्यूडर’ (1999) हे दोन पूर्ण. पहिल्यात लोकप्रिय होईल असं रॉक आहे, दुसऱ्यात लंडनच्या उपनगरातलं बालपण आणि तारुण्य. ‘डेअरिंग अ‍ॅडव्हेंचर्स’ (1986) मधलं ‘अल बोलीज इन हेवन’ जरूर ऐका: युद्धातून परतलेला, आता रस्त्यावर राहणारा सैनिक चाळीसच्या दशकातल्या नाचगाण्यांच्या रात्री आठवतो (अल बोली हा त्या काळचा गायक). ‘स्वीट वॉरियर’ (2007) मधल्या ‘डॅड्स गॉना किल मी’मधल्या ‘डॅड’चा वडिलांशी संबंध नाही, इराकमधले सैनिक बगदादला ‘डॅड’ म्हणत. नंतरच्यांपैकी ‘इलेक्ट्रिक’ (2013) आणि ‘13 रिव्हर्स’ (2018) तब्येतीत वाजवलेले आहेत. जाड बॉक्स सेट मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. दुर्मीळ तुकडे ओळखीच्या गाण्यांसमोर ठेवले तरच कळतात.

7. गिटार वाजवत असाल तर

‘व्हिन्सेंट’ शिकायचा मोह होणारच. सगळ्यात जाड तार ई वरून सी पर्यंत उतरवा, तिच्या शेजारची ए वरून जी पर्यंत, बाकी चार तशाच ठेवा, आणि तिसऱ्या फ्रेटवर कापो लावा. उतरवलेल्या तारा थोड्या वेळात पुन्हा हलतात, म्हणून दर दहा मिनिटांनी सूर तपासा. पिक अंगठा आणि तर्जनीत धरून जाड तारा वाजवायच्या आणि उरलेल्या बोटांनी बारीक तारा उचलायच्या, ही त्याची पद्धत. वेग शेवटी आणा. आधी नुसता जाड तारांचा ठेका न चुकता चालू द्या आणि त्यावर एक कडवं बोलून पाहा. ठेका आणि गोष्ट एकत्र चालली की मगच बाकीची बोटं घाला.

8. प्रत्यक्ष ऐकायला

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: ऑक्सफर्डशरमधल्या क्रॉप्रेडी या गावी ऑगस्टमध्ये फेअरपोर्टचा तीन दिवसांचा उत्सव भरतो. थॉम्प्सन दर वर्षी नसतो, म्हणून कलाकारांची यादी जाहीर झाल्यावरच तिकीट काढा. जवळचं रेल्वे स्टेशन बॅनबरी. मैदान शेतातलं आहे. गमबूट आणि बसायला घडीची खुर्ची न्या. शेवटच्या रात्री सगळं मैदान ‘मीट ऑन द लेज’ गातं. थॉम्प्सनने हे विशीच्या आत लिहिलं, अपघाताच्याही आधी. आज ते इंग्लंडमध्ये अंत्यविधीतही गायलं जातं. जायच्या आधी शब्द पाठ करा.

9. पुढची वाट

एवढं झालं, की दुसऱ्यांच्या अल्बमांत थॉम्प्सनची गिटार शोधा. निक ड्रेकच्या ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ (1969) मधलं पहिलंच गाणं, ‘टाइम हॅज टोल्ड मी’. सँडी डेनीचा ‘द नॉर्थ स्टार ग्रासमन अँड द रेव्हन्स’ (1971) संपूर्ण. सँडी 1978 मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली. तिच्या गाण्यांमागे थॉम्प्सन किती थोडं वाजवतो आणि कुठे गप्प राहतो, ते हेडफोन लावून ऐका.